त्याला काय येते?

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावी राहणाऱ्या एका वकिलाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉ. लिओ कॅनर यांना पत्र लिहिले. पाच वर्षांच्या आपल्या मुलाबद्दलचे हे पत्र टंकलिखित ३३ पानांचे होते. मुलगा माणसांकडे लक्ष देत नाही, हाकेला ओ देत नाही, हातात येईल ती वस्तू गरगर फिरवत बसतो, त्यात कोणी अडथळा आणला की आकांत करतो, हे सारे त्यात होते. शिवाय तो वर्षाचा असतानाच गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणत असे, बायबलमधले एक स्तोत्र आणि धर्मशिक्षणातली २५ प्रश्नोत्तरे त्याला तोंडपाठ होती, इंग्रजी मुळाक्षरे तो सुलटी म्हणे तशी उलटीही म्हणे, हेही वडिलांनी तितक्याच बारकाईने नोंदवले होते. मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत पहिला क्रमांक डोनाल्डचा. ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, वैद्यकीय इतिहास बहुतेक पुस्तके तिथून सुरू करतात.

पुढच्या ऐंशी वर्षांत त्या पत्राचा एक भाग फार वाढला आणि दुसरा जवळजवळ गळून गेला. आज स्वमग्न मुलाची फाइल उघडली की काय दिसते? नजरेला नजर देत नाही. समवयस्कांशी खेळत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. बदल सहन होत नाही. यातले काही खोटे नसते. निदान करायचे, दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा, परीक्षेतल्या सवलती मिळवायच्या, तर काय जमत नाही हे लिहावेच लागते. पण जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिकेच्या हाती फक्त तेवढाच कागद पडला, तर हा मुलगा कुठे अडतो एवढेच तिला कळते. तो कशावर खूश होतो, कशात तासभर रमतो, कोणते काम इतरांपेक्षा चोख करतो, याचा तिला पत्ता नसतो. शिकवायला सुरुवात मात्र तिथूनच करायची असते.

ही पुस्तिका त्या राहून गेलेल्या कागदासाठी आहे. स्वमग्न विद्यार्थ्याच्या आवडी आणि त्याची बलस्थाने कशी ओळखावीत, कशी लिहून ठेवावीत आणि वर्गात त्यांचा उपयोग कसा करावा, हा तिचा विषय. तिच्यातला विद्यार्थी कामोठ्यात राहतो, सातवीत शिकतो. तो कोणी एक खरा मुलगा नाही. अनेक मुलांमध्ये आढळणारे गुण एकत्र करून उभा केलेला तो नमुना आहे. त्याला नाव दिलेले नाही, कारण वाचकाने तिथे आपल्या घरातल्या किंवा वर्गातल्या मुलाचे नाव घालावे अशी अपेक्षा आहे.

कामोठेच का, असे कोणी विचारेल. रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यातले हे मूळचे गाव. सिडकोने त्याच्याभोवती वसाहत आखली, आणि ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. एका बाजूला शीव-पनवेल महामार्ग, दुसऱ्या बाजूला हार्बर मार्गाची मानसरोवर आणि खांदेश्वर ही स्थानके. गावातच एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र शेजारच्या खारघरला, तर नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीला. अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाला निदान, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच (वाचा-उपचार) हे शब्द नवे नसतात. आठवड्याचे वेळापत्रकच थेरपीच्या वेळांवर बसवलेले असते. आईवडील दोघेही लोकलने कामाला, आजी-आजोबा गावी, आणि मुलाची संध्याकाळ या केंद्रातून त्या केंद्रात. या धावपळीत एक प्रश्न मागे पडतो: त्याला स्वतःला काय आवडते?

आपल्या नमुन्यातल्या मुलाला लोकल आवडते.

त्याची वही पाहण्यासारखी आहे. पहिल्या पानावर पनवेलपासून सीएसएमटीपर्यंतची २५ स्थानके क्रमाने, एकही चूक नाही. पुढच्या पानावर तीच उलट क्रमाने. त्यानंतर प्रत्येक स्थानकावर फलाट कोणत्या बाजूला येतो त्याच्या खुणा, डावीकडे निळी, उजवीकडे लाल. काही पानांवर नुसती वेळापत्रके, आणि त्यांत शनिवार-रविवारचे बदल वेगळ्या रकान्यात. गाडी फलाटात शिरायच्या आधीच, मोटारीच्या आवाजावरून, ती कोणत्या बनावटीची आहे हे हा मुलगा सांगतो. घरचे म्हणतात, ‘सारखं आपलं ट्रेन, ट्रेन. दुसरं काही डोक्यातच नाही.’ शाळेत म्हणतात, ‘विषय सोडून बोलतो.’ मग एखाद्या दिवशी वही कपाटात ठेवली जाते: अभ्यास केलास तर मिळेल.

हीच वही एखादी चतुर शिक्षिका हाती घेते तेव्हा काय होते? पहिला धडा भूगोलाचा. पनवेल, खांदेश्वर, मानसरोवर, खारघर ही स्थानके रायगड जिल्ह्यात. बेलापूर आले की ठाणे जिल्हा लागला. वाशीनंतर खाडीवरचा पूल ओलांडून गाडी मानखुर्दला पोचते, ते मुंबई उपनगर जिल्ह्यात. चुनाभट्टी मागे टाकून गुरू तेग बहादूर नगर आले की मुंबई शहर जिल्हा सुरू. एक लोकल, चार जिल्हे, तीन महापालिका. जो मुलगा नकाशाच्या पानाकडे ढुंकून बघत नव्हता, तो आता जिल्ह्यांच्या सीमा आपल्या यादीत स्वतः आखतो. दुसरा धडा इतिहासाचा: गाडी वाशीला १९९२ मध्ये आली आणि पनवेलला १९९८ मध्ये, तर त्याआधी इथली माणसे मुंबईला कशी जात असतील? तिसरा गणिताचा: दोन स्थानकांमधले अंतर आणि वेळ दिली तर वेग किती? चौथा विज्ञानाचा: २०१६ साली हार्बर मार्गावरचा वीजपुरवठा डीसीवरून एसीवर गेला, म्हणजे नेमके काय बदलले? पाचवा मराठीचा, आणि तो सर्वांत अवघड: ‘गाडी चुकली’ या विषयावर दहा ओळी. त्यात माणसाला काय वाटले ते लिहावे लागते. ते त्याला सहज जमत नाही, पण गाडीबद्दल लिहायचे म्हटल्यावर तो निदान वही उघडतो.

अशा आवडींचा शिस्तीने उपयोग करणारे प्रयोग जगात झाले आहेत. न्यूयॉर्कच्या ट्रान्झिट म्युझियममध्ये ‘सबवे स्लूथ्स’ नावाचा उपक्रम चालतो. भुयारी रेल्वेचे वेड असलेली स्वमग्न मुले तिथे एकत्र येतात आणि त्या वेडाच्या आधाराने एकमेकांशी बोलायला, मिळून काम करायला शिकतात. ‘मित्रांशी बोल’ असे सांगून जे होत नाही, ते समोर गाड्यांचा नकाशा ठेवला की होते, कारण आता बोलायला काहीतरी असते.

या ओढीमागे मनाची एक विशिष्ट घडण आहे. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ साली मांडलेल्या विचारानुसार स्वमग्न माणसाचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोलवर लागते. तुमचेआमचे लक्ष एकाच वेळी चार ठिकाणी विखुरलेले असते: बाईंचा आवाज, शेजाऱ्याची कुजबुज, खिडकीबाहेरचा भाजीवाला, पोटातली भूक. त्याचे लक्ष एकाच ठिकाणी पूर्ण उतरलेले असते. म्हणून हाक ऐकू येत नाही, आणि मध्येच उठवले की तो चिडतो. म्हणूनच त्या एका विषयात तो वर्गातल्या कोणाहीपेक्षा पुढे जातो. अडचण आणि बळ एकाच मुळातून आलेले असते. एक उपटायला गेले की दुसरेही हाती येते, हे पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आता बलस्थानांकडे येऊ. आवड आणि बलस्थान या दोन गोष्टी जवळच्या असल्या तरी एक नव्हेत. लोकल ही आवड. क्रम लक्षात ठेवणे, बारीक फरक टिपणे, नियम शोधणे, ठरल्याप्रमाणे वागणे, ही बलस्थाने. आवड उद्या बदलेल, लोकलच्या जागी विमाने येतील. नवी मुंबईचा विमानतळ शेजारीच सुरू झाल्यामुळे कामोठ्यात ते घडायला वेळ लागणार नाही. बलस्थाने मात्र टिकतात आणि नव्या आवडीतही दिसतात.

त्यांच्याबद्दल संशोधनाचा आधार आहे. लंडनमध्ये अमिता शहा आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ साली दाखवले की गुंतागुंतीच्या चित्रात दडलेली छोटी आकृती शोधण्यात स्वमग्न मुले सरस ठरतात. मॉन्ट्रियलच्या मिशेल डॉसन स्वतः स्वमग्न आहेत आणि संशोधकही. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच मुलांना बुद्धिमापनाच्या दोन चाचण्या दिल्या. एक नेहमीची, बरीचशी तोंडी प्रश्नोत्तरांची. दुसरी रेव्हनची, ज्यात आकृत्यांच्या रचनेतला नियम ओळखून रिकामी जागा भरायची असते. स्वमग्न मुलांचा शततमक दुसऱ्या चाचणीत सरासरी सुमारे ३० अंकांनी वर गेला. मूल तेच, बुद्धी तीच, फक्त प्रश्न विचारायची तऱ्हा वेगळी. तोंडी परीक्षेत गप्प बसणाऱ्या मुलाला ‘मंद’ ठरवण्याआधी प्रत्येक शिक्षकाने हा निष्कर्ष आठवावा.

बोलण्याच्या बाबतीतही घाईने निकाल दिला जातो. आपला मुलगा लोकलमधल्या उद्घोषणा जशाच्या तशा म्हणतो, त्याच आवाजात, त्याच ठेक्यात. ‘पुढील स्टेशन मानसरोवर.’ घरी पाहुण्यांसमोर तो हे म्हणू लागला की आई ओशाळते. अमेरिकी भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा ‘पोपटपंची’चा अभ्यास केला आणि तिला बहुतेक वेळा अर्थ असतो हे दाखवून दिले. मूल कधी मागते, कधी नकार देते, कधी स्वतःला धीर देते, पण ते उसन्या वाक्यात. हा मुलगा मानसरोवरची उद्घोषणा केव्हा म्हणतो ते पाहावे. मानसरोवर म्हणजे घर जवळ आले. पाहुणे फार वेळ बसले, आवाज वाढला, त्याला आता पुरे झाले, की तो हे वाक्य म्हणतो. ते कळले की आई त्याला आतल्या खोलीत जाऊ देते आणि पुढचा आरडाओरडा टळतो. त्याचे बोलणे समजून घ्यायला भाषातज्ज्ञच असावे लागते असे नाही. कोणते वाक्य केव्हा येते याची महिनाभर नोंद ठेवणारे कोणीही माणूस पुरते.

जी मुले मुळीच बोलत नाहीत, त्यांच्या आवडी शोधायला असेच डोळे उघडे ठेवावे लागतात. मोकळे सोडल्यावर ते मूल कुठे जाते, कोणती वस्तू हातात धरते, कोणत्या आवाजाला मान वळवते, कोणाजवळ शांत बसते, याची उत्तरे म्हणजेच त्याची आवड. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. लोकलच्या वेळापत्रकाचे वेड चटकन डोळ्यांत भरते. पण एखादी मुलगी एकाच मालिकेतल्या पात्रांची वंशावळ बनवत असेल, रांगोळीच्या ठिपक्यांची मोजणी चुकवत नसेल, मांजरांच्या जातींवर बोलताना थांबत नसेल, तर ‘मुलींना आवडतंच असं काहीतरी’ म्हणून ते सोडून दिले जाते. आवडीचा विषय चारचौघींसारखा असला तरी आवडीची तीव्रता वेगळी असते, आणि पाहायची असते ती तीव्रता.

महाराष्ट्रातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण जिया राय हिचे. नौदलातल्या वडिलांची ही मुंबईतली मुलगी स्वमग्न आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तिने वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहून पार केले. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेतल्या तलाईमन्नारपासून धनुष्कोडीपर्यंत पाल्कची सामुद्रधुनी १३ तास १० मिनिटांत, आणि जुलै २०२४ मध्ये इंग्लिश खाडी १७ तास २५ मिनिटांत. २०२२ साली तिला पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. लांब पल्ल्याचे पोहणे म्हणजे तासन्‌तास तोच हात, तोच श्वास, तीच लय. जी पुनरावृत्ती अहवालात लक्षण म्हणून लिहिली जाते, तिचीच खुल्या समुद्रात गरज असते.

जियाचा अभिमान वाटायलाच हवा, पण तिचे नाव घेताना एक धोका सांभाळायला हवा. स्वमग्न मूल म्हटले की ‘मग त्याच्यात काय खास आहे?’ असे विचारायची आता रीत पडली आहे. सिनेमांनी ती वाढवली. अलौकिक स्मरणशक्ती, विजेच्या वेगाचे गणित, एकदा पाहून काढलेले शहराचे चित्र, अशी कौशल्ये काही थोड्यांकडे असतात, बहुतेकांकडे नसतात. आपल्या मुलाला स्थानकांची नावे पाठ आहेत, म्हणून तो रेल्वेचा अभियंता होईलच असे नाही. बलस्थान म्हणजे विक्रम नव्हे. दप्तर रोज त्याच खुंटीला लावणे, खेळात कधी फसवाफसवी न करणे, कपड्यांच्या घड्या एकसारख्या घालणे, खोटे बोलता न येणे, ही रोजच्या जगण्यातली बलस्थाने आहेत आणि नोकरीच्या ठिकाणीही त्यांची किंमत असते. डोनाल्ड ट्रिपलेटचेच पाहा. पुढे तो आपल्या गावातल्या बँकेत काम करत राहिला, गोल्फ खेळला, एकट्याने जग फिरला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. त्याने कुठला शोध लावला नाही. गावाने त्याला जसा होता तसा आपला मानला, आणि तेवढ्यावर एक भरलेले आयुष्य झाले.

आवडीचा उपयोग करताना दोन पथ्ये पाळावीत असा या पुस्तिकेचा आग्रह आहे. पहिले, आवड ओलीस ठेवू नये. दिवसभराच्या गोंगाटानंतर त्याची वही हीच त्याची विश्रांती असते. ती शिक्षा म्हणून काढून घेणे म्हणजे थकलेल्या माणसाची झोप काढून घेणे. गणपतीत चौकात ढोल वाजू लागले, लग्नाच्या हॉलमध्ये डीजे सुरू झाला, की हा मुलगा कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसतो. मोटारीच्या आवाजातला बारीक फरक टिपणारे कान तेच आहेत. अशा वेळी वही सोबत असली तर तो तासभर तग धरतो.

दुसरे पथ्य उत्साही पालक-शिक्षकांसाठी आहे. प्रत्येक आवडीचा धडा करू नये. लोकलवरून गणित शिकवता येते हे कळल्यावर त्याच्या प्रत्येक आनंदात आपण प्रश्नपत्रिका घुसवायला लागलो, तर काही दिवसांत तो लोकलचे नाव काढणे सोडून देईल. दिवसातला काही वेळ तरी ती वही कोणाच्याही हेतूविना त्याची असावी. मानसरोवरच्या फलाटावर उभे राहून चार गाड्या नुसत्या पाहाव्यात, सोबत एखादा वडापाव खावा आणि काही न शिकवता शेअर रिक्षाने घरी यावे. यातून काय साधले असे विचारू नये.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता येते. ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या अधिनियमाने दिला आहे, आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार सोयी करणे शिक्षणसंस्थांवर बंधनकारक आहे. पण प्रवेश देणे आणि शिकवणे यांत अंतर आहे. ४०-५० मुलांच्या वर्गात, शॅडो टीचर (मुलासोबत बसणारी मदतनीस) असो वा नसो, शिक्षिकेला हाताशी काहीतरी लागते. जाडजूड अहवाल वाचायला तिला वेळ नसतो. एक पान ती वाचते.

म्हणून या पुस्तिकेच्या शेवटी एक कोरे पान छापले आहे. त्यावर पाचच प्रश्न आहेत. त्याला काय आवडते? त्याला काय चांगले येते? तो खूश आहे हे कसे ओळखावे? त्याला पुरे झाले हे कसे ओळखावे? तेव्हा कशाने बरे वाटते? निम्मी उत्तरे घरच्यांनी लिहावीत, निम्मी शाळेने. जमेल तिथे त्या मुलाने स्वतः लिहावीत, चित्र काढून किंवा बोट दाखवून दिली तरी चालतील. पेन्सिलने लिहावीत, कारण सहा महिन्यांनी ती बदलतील.

पालकांना आणि शिक्षकांना विनंती एवढीच: पुस्तिका वाचून झाली की कपाटात ठेवू नका. ते पान आज भरा, त्याच्या दोन प्रती काढा आणि एक प्रत फाइलीत सगळ्यांत वर लावा, दाखल्याच्याही वर.